लाट ओढणारी नौका

नौका बांधणाऱ्या अभियंत्याला लाट आवडत नाही. नौका पाणी सारत पुढे जाते, तेव्हा तिच्यामागे लाटा उठतात, आणि त्या लाटांमध्ये इंजिनाची ऊर्जा वाया जाते. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात टॉर्की येथे पाण्याचा लांब हौद बांधला व नौकांच्या लहान प्रतिकृती त्यातून ओढून पाहिल्या. पाण्याचा विरोध कमीत कमी व्हावा म्हणून नौकेचा आकार कसा असावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. आजही बहुतेक नौका याच हेतूने आखल्या जातात.

परंतु याच्या अगदी उलट हेतूने बांधलेली एक नौका आहे. अमेरिकेतील सरोवरांवर ‘वेकसर्फिंग’ नावाचा खेळ चालतो. त्यासाठीच्या नौकेने मोठ्यात मोठी लाट उठवावी अशी अपेक्षा असते! खेळाडू प्रथम नौकेला बांधलेली दोरी धरून फळीवर उभा राहतो आणि मग दोरी चक्क सोडून देतो. तरीही तो नौकेच्या मागोमाग जात राहतो. वर चढणाऱ्या सरकत्या जिन्यावर कोणी तेवढ्याच वेगाने खाली उतरू लागला, तर तो जागच्या जागी राहतो ना? तसेच येथे घडते. लाटेच्या उतारावर पाणी वर चढत असते आणि खेळाडू गुरुत्वाकर्षणामुळे खाली घसरत असतो. त्यामुळे लाटेच्या दृष्टीने तो तेथेच राहतो आणि लाटेबरोबर पुढे जातो.

अशा दोन नौकांपैकी चांगली कोणती, हे कसे ठरवायचे? विकणारे तीन गोष्टी सांगतात: नौका किती पाणी भरून घेते, पाण्यात किती खोल बसते आणि दिसते कशी. या तिन्हींचा भौतिकशास्त्राच्या दृष्टीने विचार करू या.

आधी वेग

या खेळात नौकेचा वेग ताशी सुमारे १६ ते १९ किलोमीटर असतो. आपण १८ धरू, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर अवलंबून असतो. वेगाच्या वर्गाला ६.२८ ने गुणून गुरुत्वीय त्वरणाने, म्हणजे ९.८ ने भागले, की लांबी मिळते. २५ × ६.२८ ÷ ९.८ = १६ मीटर. नौकेच्या मागे सरळ तिच्याच वेगाने धावणाऱ्या लाटेची लांबी एवढी असते. तिरप्या लाटांची याहून कमी असते.

आता नौकेची लांबी ७ मीटर धरा. ७ मीटर लांबीच्या लाटेचा वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर येतो. म्हणजे आपली नौका स्वतःएवढ्या लांबीच्या लाटेपेक्षा वेगाने जाते आहे. तिचे नाक स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढते व शेपूट खळग्यात बसते. याहून बराच अधिक वेग दिला तर नौका पाण्यावर उचलली जाऊन घसरत जाईल व लाट लहान होईल. याहून कमी वेग दिला तरी लाट लहानच होईल. इतर नाविक हा मधला, इंधन खाणारा टप्पा झटपट ओलांडतात. वेकसर्फिंगची नौका मात्र मुद्दाम तेथेच थांबते.

पाण्यानेच पाणी दाबायचे

तोल सांभाळण्यासाठी जहाजाच्या तळाशी जे वजन घेतात, त्याला बॅलास्ट किंवा नीरम म्हणतात. पूर्वी त्यासाठी दगड भरत. आता टाक्यांमध्ये पाणी भरतात. वेकसर्फिंगच्या नौकेत पंपाने सरोवराचेच पाणी टाक्यांत घेतात, पण येथे उद्देश नौका खाली दाबण्याचा असतो.

येथे चौकस विद्यार्थी शंका काढील: पाण्याला पाण्यात वजन नसते, मग पाणी भरल्याने नौका बुडेल कशी? उत्तर आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. टाकीतील पाणी आता नौकेचा भाग झालेले असते. नौकेचे वजन जितके वाढले, तितक्या वजनाचे आणखी पाणी तिला बाजूला सारावेच लागते.

उदाहरण म्हणून १५०० किलोग्रॅम पाणी आणि ६०० किलोग्रॅम वजनाची माणसे घेऊ. एकूण २१०० किलोग्रॅम, म्हणजे २.१ घनमीटर जादा पाणी सारले गेले पाहिजे. पाण्याच्या पातळीला नौकेचा छेद ११ चौरस मीटर असेल, तर ती २.१ ÷ ११ = ०.१९ मीटर, म्हणजे १९ सेंटिमीटर अधिक खाली बसेल. नौका पुढे सरकली की तिच्यामागे तेवढा मोठा खळगा राहतो. तो भरून काढण्यासाठी दोन्ही बाजूंनी पाणी धावते आणि एकमेकांवर आदळून उसळते. लाटेचा उगम हाच. एका बाजूला जास्त वजन ठेवले किंवा मागच्या कडेला एकीकडे झडप काढली, तर दोन्हीकडचे पाणी एकदम भेटत नाही. मग एका बाजूची लाट नितळ व घसरण्याजोगी होते.

परंतु टाकीची क्षमता हा एकच आकडा पाहून भुलू नये. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी हेलकावते. नौका कलली की ते त्याच बाजूला धावते व कल वाढवते. म्हणून टाक्या वेगवेगळ्या, आणि पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या असणे बरे. शिवाय नौका जितकी खाली बसते, तितकी तिची कड पाण्याजवळ येते. नाकाकडे फार वजन झाले तर ती स्वतःच्याच लाटेत नाक खुपसते.

खोली आणि बूड

खोल अंगाच्या नौकेत दोन फायदे असतात. वजन भरल्यावरही कड पाण्याच्या बरीच वर राहते आणि पाणी सारण्यासाठी बुडाला पुरेसे आकारमान मिळते. सपाट, उथळ बुडाची नौका लवकर पाण्यावर उचलली जाते, म्हणून लाटेसाठी ती कमी उपयोगी. पंखा कोठे आहे तेही पाहावे. तो बुडाखाली, मागच्या कडेच्या बराच पुढे असावा. उघडा पंखा मागे असलेल्या नौकेमागे हा खेळ खेळणे जिवावर बेतू शकते. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही मागच्या बाजूलाच साचतो.

देखणेपण

चकचकीत रंग आणि नौकेवरचा उंच मनोरा यांचा लाटेशी संबंध नाही. उलट वर चढवलेले वजन गुरुत्वमध्य वर नेते. स्वीडनचे ‘वासा’ हे कोरीव मूर्तींनी नटलेले युद्धनौकांमधले देखणे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून प्रथमच निघाले आणि सुमारे १३०० मीटर जाऊन वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाले. वरचा भाग जड होता व तळाचे नीरम त्याला अपुरे पडले. ते वाढवावे, तर तोफांच्या खिडक्या पाण्याजवळ आल्या असत्या. १९६१ साली बाहेर काढलेले हे जहाज आता संग्रहालयात आहे. नीरम, खोली आणि रूप यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो, हे ते आजही दाखवते.

काही वेळा मात्र रूपातही अर्थ असतो. अनेक नव्या नौकांचे नाक टोकदार नसून रुंद असते. त्यामुळे पुढे बसायला जागा मिळते, आणि नाकाचा उचलही वाढतो.

लाट जाते कुठे?

खेळाडू घरी जातो. लाट काठाकडे जाते. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट! ही ऊर्जा काठाची माती खाते. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोचते. १६ मीटरच्या लाटेसाठी ही खोली ८ मीटर. सरोवर त्याहून उथळ असेल तर तळाचा गाळ हलतो, आणि नाक वर असल्याने पंख्याचा झोतही तळाकडे जातो.

मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये प्रत्यक्ष मोजमापे प्रसिद्ध केली. साध्या नौकेची लाट २०० फुटांवर जेवढी उरते, तेवढी होण्यास वेकसर्फिंगच्या लाटेला ५०० फुटांहून अधिक अंतर लागते, असे त्यांत दिसले. व्हरमाँट राज्याने २०२४ मध्ये नियम केले: काठापासून किमान ५०० फूट अंतर आणि किमान २० फूट खोली.

टाकीतले पाणीही निरुपद्रवी नसते. टाकी रिकामी केली तरी थोडे पाणी उरते आणि त्यातून सूक्ष्म जीव दुसऱ्या सरोवरात पोचू शकतात. अमेरिकेच्या महासरोवरांत १९८० च्या दशकात झेब्रा शिंपले आले, ते समुद्री जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातूनच. म्हणून नौका एका सरोवरातून दुसऱ्यात नेताना टाक्या स्वच्छ करणे महत्त्वाचे ठरते.

तेव्हा नौकांची तुलना करताना चौथा प्रश्न विचारलाच पाहिजे: ही लाट पेलण्याइतके सरोवर मोठे व खोल आहे का? लहान सरोवरात सर्वांत ताकदवान नौका ही सर्वांत वाईट निवड ठरेल.

करून पाहा

२० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद, उभ्या बाजूंचा प्लॅस्टिकचा डबा टबात तरंगू द्या. बाहेरून पट्टी चिकटवा. डब्यात दर वेळी १०० मिलिलिटर पाणी ओता. प्रत्येक वेळी तो सुमारे अर्धा सेंटिमीटर खाली बसला पाहिजे. का, ते गणिताने पडताळा. मग डबा दोऱ्याने ओढा. वजन वाढते तशी लाट कशी बदलते? शेवटी तेच पाणी लहान बाटल्यांत काठोकाठ भरून, झाकणे घट्ट लावून डब्यात आडवे ठेवा आणि डबा हलकेच कलवा. मोकळे पाणी आणि बाटल्यांतले पाणी यांपैकी कोणते डब्याचा तोल अधिक सांभाळते?