फिजिक्सची पदवी, कर्जाचा हप्ता आणि पहिला पगार

पीयूसी दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला की आमच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. गेल्या वर्षी असेच एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ते लेथवर काम करतात. मुलीला फिजिक्समध्ये उत्तम गुण होते. तिला बेंगळूरच्या एका खासगी विद्यापीठात बी.एस्सी. करायचं होतं. वडील म्हणाले, "सर, कर्ज काढतो मी. पण फिजिक्स शिकून हिला पगार कधी सुरू होणार, तेवढं सांगा."

नोकरी लागेल का, असं त्यांनी विचारलं नाही. कधी लागेल, असं विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी चार वर्षांनी त्याच पदवीवर नोकरी शोधू लागतो. फिजिक्समध्ये बी.एस्सी. हा बहुधा पहिला टप्पाच असतो. पुढे बी.एड. केलं तर शाळा. दोन वर्षांची एम.एस्सी. केली तर महाविद्यालय, संशोधन संस्था, किंवा आणखी एक पदविका घेऊन कर्करोग रुग्णालयातलं रेडिएशनचं काम. म्हणजे बरा पगार हाती यायला तेविसावं-चोविसावं वर्ष उजाडतं. बँकेचा हप्ता मात्र सहसा अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. बी.एस्सी.साठी कर्ज काढलं आणि मुलगी लगेच एम.एस्सी.ला गेली, तर तिचं शिक्षण चालू असतानाच हप्ता दारात उभा राहतो. पालक सहकर्जदार असल्यामुळे तो त्यांच्या पगारातून जातो.

आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. समजा, फी आणि हॉस्टेल मिळून वर्षाला अडीच लाख रुपये. तीन वर्षांचे साडेसात लाख. व्याज 10 टक्के धरलं तर पहिला हप्ता सुरू होईपर्यंत सरळव्याजानेच सव्वादोन लाखांची भर पडते आणि कर्ज पावणेदहा लाखांवर जातं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे 12,900 रुपये. बी.एस्सी.वर एखाद्या क्लासमध्ये किंवा प्रयोगशाळेत 18 हजारांची नोकरी मिळाली, असं धरू. हातात उरले पाच हजार. तेवढ्यात बेंगळूरला खोलीचं भाडंही भागायचं नाही.

"शिकत असताना दरवर्षीचं व्याज भरत गेलं तर?" मुलीने विचारलं. तर हप्ता 9,900 च्या आसपास येतो. फरक मोठा आहे, पण ती रक्कमही वडिलांच्याच खिशातली.

मग फिजिक्स घेऊच नये का? मी उलट सांगेन. या विषयात पैसा उशिरा येतो, पण पुढच्या टप्प्यांवर मदतही मिळते. बोर्डात पहिल्या 1 टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या 'इन्स्पायर' योजनेत वर्षाला 80 हजारांची शिष्यवृत्ती ठरलेली आहे. एम.एस्सी.साठी 'जॅम' परीक्षेतून आयआयटीचं दार उघडतं. नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली, तर पीएच.डी. करताना महिन्याला 37 हजार रुपये मिळतात. हा दर 2023 पासूनचा आहे. तिथे शिकण्यासाठी कर्ज काढावं लागत नाही, उलट शिकण्याचेच पैसे मिळतात.

म्हणून माझा सल्ला असा. बी.एस्सी. शक्यतो घरी राहून, गावातल्या महाविद्यालयात करावी. न्यूटनचे नियम बेळगावात आणि बेंगळुरात सारखेच आहेत. प्रयोगशाळा चालू आहे का आणि शिकवणारे कायम आहेत का, हे मात्र जाऊन बघावं. सोबत संगणकाची एखादी भाषा शिकावी. कर्ज काढण्याची ताकद एम.एस्सी.साठी राखून ठेवावी, कारण त्यानंतर पगार जवळ आलेला असतो. तरीही आधीच कर्ज काढावं लागलं, तर मुलगी पुढे शिकत राहिल्यास हप्ता लांबणीवर टाकता येईल का, हे बँकेकडून सही करण्यापूर्वी लेखी घ्यावं.

वडील गप्प होते. मुलीचे डोळे भरून आले. बेंगळूर तिने मनात धरलं होतं. मग तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आज ती इथेच बी.एस्सी. करते आहे. बेंगळूरला जायचं आहेच, पण एम.एस्सी.ला, असं म्हणते. पुढचं तिच्या अभ्यासावर.

आपल्या घरांत दोन्ही भाषा नांदतात. कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज आणि मराठीत 'साल' म्हणजे वर्ष. फिजिक्सला मूल घालणाऱ्या पालकांनी हे दोन्ही साल एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडावेत. किती कर्ज, हे सगळेच विचारतात. कोणत्या साली ते फेडायला सुरुवात करायची आणि त्या साली मूल कुठे असेल, हेही विचारावं.