सावद्याच्या शाळांत वजनकाटा : बालस्थौल्य-सेवेचा एक प्रस्ताव

सावदा-फैजपूर परिसरातील आपल्या चिकित्सालयांत लहान मूल आणले जाते ते बहुधा सर्दी-खोकला, कृमी किंवा 'भूक लागत नाही' या तक्रारीसाठी. मूल स्थूल आहे म्हणून सहसा कोणी येत नाही. मागील हिवाळ्यात एक आजी आपल्या दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. मागणी होती भूक वाढविणाऱ्या औषधाची. मुलाची उंची 135 सेंमी, वजन 40 किलो भरले. मीटरमधील उंचीच्या वर्गाने वजनास भागिले असता उत्तर येते सुमारे 22. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार या वयाच्या मुलात 18.5 च्या पुढे अतिवजन आणि 21.4 च्या पुढे स्थौल्य समजावे. 'अंगाने भरलेला आहे, दृष्ट लागते हो त्याला,' असे आजी म्हणाल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्यापैकी किती जणांच्या भिंतीवर उंची मोजण्याची पट्टी आहे, हे आधी पाहावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील अतिवजन बालकांचे प्रमाण 2015-16 मध्ये 1.9 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 4.1 टक्के झाले. त्याच काळात वयाच्या मानाने कमी वजनाची बालके 36 टक्क्यांच्या आसपासच राहिली. म्हणजे एक प्रश्न सुटून दुसरा आलेला नाही. दोन्ही एकाच घरोळ्यात नांदत आहेत. आपल्या रावेर तालुक्यात हे नकाशावरही दिसते. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे, दक्षिणेस केळीने सधन झालेली गावे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात स्थौल्य आणि कार्श्य या दोहोंचे मूळ रसधातूत सांगितले आहे. तेव्हा शाळेत जो वजनकाटा न्यावयाचा, तो जाड मुले शोधण्यासाठी म्हणून नेऊ नये. एकाच मापनात दोन्ही टोके सापडतात.

चरकसंहितेतील अष्टौनिंदितीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केला आहे. अतिसंपूरण, गुरु-मधुर-शीत-स्निग्ध आहार, अव्यायाम, दिवास्वप्न, सदा हर्ष, अचिंतन आणि बीजस्वभाव ही तेथील कारणे आजच्या बालकास जशीच्या तशी लागू पडतात. चिकित्सेचे मात्र तसे नाही. त्याच अध्यायात प्रजागर, व्यवाय, व्यायाम आणि चिंतन क्रमाने वाढविण्यास सांगितले आहे. यांतील मुलाला देण्याजोगा एक व्यायामच उरतो. (चिंता शिकवणीवाले पुरेशी देतातच, प्रजागर मोबाईलमुळे आधीच होतो आहे, आणि त्याने मेद घटल्याचे दिसत नाही.) शिवाय विमानस्थानात सोळा वर्षांपर्यंतच्या धातूंना अपरिपक्व म्हटले आहे. अशा देहावर तीव्र लेखन, उपवास किंवा शोधन योजणे म्हणजे बांधकाम चालू असलेल्या घराच्या विटा काढणे होय.

सुदैवाने वाढत्या मुलाचे वजन बहुधा उतरवावे लागत नाही. वर उल्लेखिलेल्या मुलाचे वजन 40 किलोवरच थांबले आणि बाराव्या वर्षी तो 146 सेंमी झाला, तर निर्देशांक 19 च्या आत येतो. त्या वयास अतिवजनाची सीमा 19.9 आहे. उंची आपले काम करीत असते, आपण तिला दोन वर्षांचा अवकाश मिळवून द्यावयाचा. पालकांना हे गणित कागदावर करून दाखविले की 'डाएट' हा शब्द उच्चारावाच लागत नाही.

आहाराविषयी एक गैरसमज येथेच दूर करावा. केळीच्या गावात केळ्यालाच आरोपी करण्याची प्रवृत्ती दिसते. केळे गुरु, मधुर, शीत व कफकर आहे हे खरे. पण शंभर ग्रॅम पिकल्या केळ्यातून सुमारे 90 उष्मांक मिळतात, तर तेवढ्याच वजनाच्या तळलेल्या केळी-वेफर्समधून पाचशेहून अधिक. ज्या घरामागे केळीची बाग आहे, त्या घरातील मूल मधल्या सुट्टीत वेफर्सचे पाकीट फोडते, हे पाहून वाईट वाटते. चरकाचार्यांनी स्थूल मनुष्यासाठी सांगितलेल्या धान्यांत यव, श्यामाक, कोद्रव यांबरोबर जूर्णाह्वही आहे, आणि जूर्णाह्व म्हणजे ज्वारी असे सामान्यतः मानले जाते. मूग, कुळीथ, तूर, पडवळ, आवळा हीदेखील त्याच यादीत आहेत. म्हणजे खानदेशातील जुने ताट पुष्कळसे त्या अध्यायातच सापडते. कळण्याच्या भाकरीतील उडीद गुरु आहे, ही हरकत रास्त. तेथे साधी ज्वारीची भाकरी द्यावी. शेवभाजी आणि बट्टीवरील तुपाची धार सणापुरती ठेवावी, एवढे म्हटले तर घरातील कोणी रागावत नाही.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. प्रत्येक सभासदाने आपल्या चिकित्सालयाजवळची एक शाळा निवडावी. जूनमध्ये व जानेवारीत, मुख्याध्यापकांच्या अनुमतीने आणि पालकांच्या लेखी संमतीने, उंची, वजन व कटीचा घेर मोजावा; घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असल्यास विशेष लक्ष द्यावे. मापन पडद्याआड व्हावे, आकडा मोठ्याने उच्चारू नये, नोंद बंद पाकिटातून घरी जावी. वर्गात एकदा 'जाड्या' हे नाव पडले की ते मूल मैदानावर यायचे बंद होते, आणि आपली सेवा उलटी पडते. मानेवर काळपट जाड त्वचा, झोपेत घोरणे, सततची डोकेदुखी, किंवा स्थौल्यासह उंची खुंटलेली दिसल्यास बालरोगतज्ज्ञांकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून शाळांत येत आहेत. या योजनेचा आरंभ महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला आणि पथकांतील वैद्यकीय अधिकारी आयुष शाखांचे, त्यांत पुष्कळसे आपलेच स्नातक असतात. तथापि मूळच्या तीस विकारांच्या यादीत स्थौल्य नाही. त्यांच्याशी स्पर्धा न करता, त्यांच्या भेटीनंतर उरलेले काम आपण हाती घ्यावे. शासनाने मे 2017 मध्ये शालेय उपाहारगृहांत अतिमेद, अतिलवण व अतिशर्करायुक्त पदार्थांस मनाई केली, हे उपाहारगृह चालविणाऱ्यांना आठवण करून देण्यासही कोणीतरी हवे आहे.

औषधी विक्रेत्या बंधूंना थोडे कटू वाटेल असे लिहितो. स्थौल्य बरे करण्याची जाहिरात 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे. कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. गुग्गुळकल्प किंवा वजन घटविण्याची चूर्णे सोळा वर्षांखालील मुलासाठी वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. उलटपक्षी, वजन वाढविण्याचे डबे आणि भूक वाढविणारी गोड पेये मागितली गेल्यास आधी मुलाला काट्यावर उभे करावे. अवलेहांचेही तेच. च्यवनप्राशात साखर किती असते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे; हिवाळ्यात तो सरसकट प्रत्येक मुलाला देण्याची आपलीच सवय तपासावी लागेल. यात गल्ल्याचे थोडे नुकसान आहे, ते लपविण्यात अर्थ नाही.

फळ लगेच दिसेल अशी अपेक्षा मात्र धरू नये. फ्रान्सच्या उत्तरेस फ्लर्बे व लावांती या दोन छोट्या गावांनी 1992 पासून शाळांत आहारशिक्षण सुरू केले; पुढे नगरपालिका, दुकानदार व स्थानिक डॉक्टर त्यात सामील झाले. पहिली काही वर्षे मुलांतील अतिवजन वाढतच गेले. 2004 मध्ये मात्र ते 8.8 टक्के आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत 17.8 टक्के. बारा वर्षे म्हणजे पहिलीतले मूल महाविद्यालयात जाईपर्यंतचा काळ.

आरंभास एक वजनकाटा, भिंतीवरची पट्टी, मापनफीत आणि दोनशेपानी वही एवढेच साहित्य लागते. त्या आजी पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या, या वेळी नातवाच्या धाकट्या बहिणीला घेऊन. तिचे वजन वयाच्या मानाने कमी भरले. दोघांची नावे वहीच्या एकाच पानावर आहेत.