तोफेचें तोंड आणि गोळ्याचें माप

वऱ्हाडांतील गाविलगड (जि. अमरावती) व नरनाळा (जि. अकोला) या दोन गिरिदुर्गांवर जुन्या तोफा अद्यापि पहावयास मिळतात. त्यांची लांबी मोजणारे पुष्कळ, तोंड मोजणारे थोडे, आणि तोंडाच्या आंत खोलवर नळी मोजणारे तर विरळाच. जुने कागद व प्रत्यक्ष तोफा यांची सांगड घालूं इच्छिणारास मात्र हें शेवटलेंच माप उपयोगी पडतें. एखाद्या तोफेचें तोंड आंतील नळीपेक्षां रुंद भरलें, कीं 'ही तोफ मागाहून कोरून मोठ्या गोळ्याजोगी केली असावी' असा तर्क सहज सुचतो. असा फेरफार कितपत शक्य होता व तो कसा ओळखावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शुक्रनीतींत बृहन्नालिक व क्षुद्रनालिक असे नालिकास्त्राचे दोन भेद सांगितले आहेत. ते आकारावरून केलेले आहेत. नरनाळ्यावरील प्रसिद्ध तोफेचें 'नऊगजी' हें नांव लांबीवरून पडलेलें आहे. अशा नांवांवरून गोळ्याचा बोध होत नाहीं. इंग्रज आपली तोफ गोळ्याच्या वजनावरून ओळखीत. डिसेंबर १८०३ मध्यें गाविलगडास वेढा पडला, तेव्हां कर्नल स्टीव्हन्सन यानें सुमारें ३० मैल डोंगरांतून तोफा ओढून नेऊन उत्तरेच्या बाजूस मोर्चे बांधले. तटास खिंडार पाडण्यासाठीं तेथें १८ पौंडी व १२ पौंडी लोखंडी तोफा होत्या. १५ डिसेंबर रोजीं गड पडला. येथें '१२ पौंडी' म्हणजे १२ पौंड वजनाचा भरीव लोखंडी गोळा फेंकणारी, इतकाच अर्थ घ्यावयाचा.

गोळ्याचा व्यास व वजन यांचा संबंध घनाचा आहे. ४ इंच व्यासाचा ओतीव लोखंडी गोळा सुमारें ९ पौंड भरतो. त्यावरून इतर वजनें काढतां येतात. १२ पौंडी गोळ्याचा व्यास ४.४० इंच व १८ पौंडीचा ५.०४ इंच. परंतु नळी गोळ्याहून किंचित् मोठी ठेवावी लागे. नाहीं तर गोळा गजानें ठांसतां येत नसे. इंग्रजी रिवाजांत १२ पौंडी तोफेची नळी ४.६२ इंच व १८ पौंडीची ५.२९ इंच, म्हणजे गोळ्याच्या व्यासाहून सुमारें विसाव्या हिश्शानें अधिक असे.

आतां १२ पौंडी नळी १८ पौंडी गोळ्यास लायक करावयाची म्हटली, तर ती सबंध लांबीभर चहूंबाजूंनीं सुमारें तृतीयांश इंच कोरावी लागेल. तितकीच धातु भिंतींतून कमी होणार, आणि जड गोळा फेंकतांना जोर तर अधिकच सोसावा लागणार. शिवाय कोरण्याचा आंस मूळ आंसाशीं न जुळला, तर एका बाजूची भिंत पातळ पडून तोफ फुटण्याची धास्ती. लोखंडी पट्ट्यांवर कडीं चढवून घडलेल्या तोफेंत तर ही कल्पनाच निरर्थक. कारण कोरतांना त्या पट्ट्याच कापल्या जातील. आणि नुसतें तोंड रुंद केल्यास कांहींच साधत नाहीं. गोळा तोंडांत शिरेल, पण पुढें अडकून बसेल.

हल्लींच्या रायफलीशीं ताडून पाहिल्यास हा भेद स्पष्ट होतो. कित्येक रायफलींच्या टोंकास मझल ब्रेक नांवाची छिद्रयुक्त टोपी बसवितात. दारूचा वायु तिच्या छिद्रांतून बाजूस वळल्यामुळें खांद्यास बसणारा धक्का कमी होतो. ही टोपी स्वतंत्र असल्यामुळें मोठ्या गोळीसाठीं तिचेंच मुख रुंद करतां येतें. मात्र तें नळीशीं समअक्ष असावें लागतें, एरव्हीं गोळी कडेस घासते. परंतु तेथेंही मोठ्या गोळीची नळी आधींच निराळी असते. टोपीमुळें नळी मोठी होत नाहीं. जुन्या तोफेंत तोंड व नळी एकजीव असल्यानें एवढीही सोय नाहीं. (असें कोणतेंही काम शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणें परवाना असलेल्या कारागिराकडूनच व्हावयाचें, हें उघड आहे.)

इंग्लंडांत पॅलिसर यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जुन्या तोफा सुधारल्या, त्याही याच न्यायानें. त्यानें ८ इंची नळी आधीं कोरून रुंद केली खरी, पण आंत घडीव लोखंडाची नळी बसवून अखेरचें माप ६.३ इंच, म्हणजे मूळच्याहून लहानच ठेवलें.

तेव्हां रुंद तोंडाचें कारण बहुधा दुसरेंच असतें. सैल गोळा नळींत आदळत बाहेर पडतो, त्यामुळें पितळी तोफेचें तोंड झिजतें. लोखंडी तोफेचें तोंड पाऊसवाऱ्यानें गंजून झडतें. याचा हिशेबावर होणारा परिणाम लहान नाहीं. ४.६२ इंची नळीचें तोंड दहाव्या हिश्शानें झिजून ५.०८ इंच झालें व तेंच माप धरलें, तर १२ पौंडांचा गोळा १६ पौंडांचा ठरतो! मग दप्तरांतील भलत्याच तोफेशीं तिची गांठ घातली जाते, आणि एकदां छापलेली चूक पुढील प्रत्येक लेखांत उतरत जाते.

यास्तव मोजणारानें नळीचा व्यास तोंडापासून निदान दोन वीत आंत, उभा व आडवा, असा दोनदां घ्यावा. तोंडाचें माप निराळें नोंदवावें. तोफ ओतीव कीं घडीव हें लिहावें. जवळ पडलेला गोळा त्याच तोफेचा असें गृहीत धरूं नये. वेढ्यांत गोळे दोन्ही बाजूंनीं पडतात. काळ्या पाषाणाचा गोळा तितक्याच लोखंडी गोळ्याच्या सुमारें दोन-पंचमांश भरतो, हेंही ध्यानांत असावें. कागदांत शेर आढळल्यास तो कोठला हें आधीं ठरवावें. ८० तोळ्यांचा शेर सुमारें २.०६ पौंडांचा, पण जुने शेर स्थलपरत्वें भिन्न होते. हे दोन्ही किल्ले संरक्षित स्मारकें असल्यामुळें मोजमापास लांकडी साधनच वापरावें, आणि तोफेचा गंज खरवडूं नये. त्या गंजाखालीं क्वचित् अक्षरेंही असतात.