मेणावरचं पाणी

लोणंद-फलटणकडच्या कांद्याच्या पातीवर साधं पाणी फवारून पाहा. थेंब गोळा होऊन घरंगळतात, पात कोरडीच राहते. तासगावच्या द्राक्षमण्यावरही थेंब असाच आकसून बसतो. दोन्हींवर मेणाचं सूक्ष्म आवरण आहे. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ जबर, मेणाशी मात्र सख्य नाही. ही ओढ पृष्ठताणात मोजतात. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७३ मिलिन्यूटन असतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो स्पर्शकोन. त्यामागचं बळांचं गणित थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडलं. कोन ९० अंशांपुढे गेला की थेंब फुगीर राहतो. कोन जितका लहान, तितका थेंब पसरतो.

फवारणीच्या टाकीत बागायतदार झाकणभर ‘स्टिकर’ किंवा ‘स्प्रेडर’ ओततो, तो या कोनासाठी. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धार्जिणं, दुसरं तेला-मेणाला. हे रेणू थेंबाच्या पृष्ठभागावर दाटी करतात आणि ताण उतरतो. पाण्यावर तवंग पसरला की ताण किती उतरतो, हे जर्मनीच्या आग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात मोजलं होतं. त्यांचं पत्र लॉर्ड रॅले यांच्या शिफारशीने १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. साबण-डिटर्जंटने ताण तिसाच्या आसपास येतो, सिलिकॉनच्या स्प्रेडरने २०-२२ पर्यंत. सिलिकॉनची करामत मला खरोखर विलक्षण वाटते. मेणावर पडलेला थेंब काही क्षणांत पातळ पापुद्रा होतो. पसरत्या कडेला रेणू विरळ, म्हणून ताण जास्त. ती कडच मधल्या द्रावणाला पुढे ओढते.

ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आली की मिरज-तासगावच्या बागांत डाऊनी या बुरशीरोगाची धास्ती. द्राक्षपानाची पर्णरंध्रं खालच्या बाजूला असतात आणि बुरशी तिथूनच शिरते. पान वरून चिंब दिसलं म्हणजे फवारणी झाली, असं समजू नये. ब्लोअरच्या हवेने पान हललं पाहिजे आणि बारीक थेंब खालून टेकून पसरला पाहिजे. स्प्रेडर जास्त झाला तर औषध पानाच्या टोकावरून ओघळून मातीत जातं, मण्यावर डाग पडतात, मेण विस्कटतं. निर्यातीच्या द्राक्षाला तो पांढुरका थर शाबूत लागतो. सिलिकॉन स्प्रेडर फार आम्ल किंवा फार अल्कधर्मी पाण्यात विघटित होतो. म्हणून पाण्याचा सामू ६ ते ८ च्या दरम्यान ठेवून द्रावण लगेच फवारावं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाणा शेडवर हाच थर आड येतो. मेणाच्या पापुद्र्यांमुळे मण्यातलं पाणी लवकर बाहेर पडत नाही. मग घड डिपिंगच्या द्रावणात दोन-चार मिनिटं बुडवतात. लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट, म्हणजे शेडवरचं ‘डिपिंग ऑइल’. ढवळलं की पाणी दुधाळ होतं. तेलाचा अंश मेणावर पसरत त्याच्या फटींत शिरतो आणि आतल्या पाण्याला वाट मिळते. साल मात्र फाटत नाही. निथळलेले घड जाळीच्या रॅकवर सावलीत पसरतात. पर्जन्यछायेतली कोरडी हवा खेळती राहिली की १२ ते १५ दिवसांत बेदाणा तयार. न बुडवता उन्हात ठेवलेल्या द्राक्षाला तीन-चार आठवडे लागतात आणि ते तपकिरी पडतं. सांगलीच्या बेदाण्याचा हिरवट-पिवळा रंग या वाचलेल्या दिवसांमुळे टिकतो.