दूध काढायचा पंप कोणता घ्यावा आणि दूध कसं वाढवावं



आजवर या मालिकेत आपण पेन्शनची कागदपत्रं, इन्व्हर्टरची बॅटरी, म्हातारपणीचे गुडघे असे विषय घेतले. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "कर्नलसाहेब, हा तुमचा प्रांत नव्हे." मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या घरात ती वेळ आली तेव्हा माहिती देणारं कुणी नव्हतं आणि चुका आम्हीच केल्या. त्या तुमच्या घरी होऊ नयेत म्हणून बोलतोय. मी डॉक्टर नाही. सांगतोय ते नवजात विभागातल्या सिस्टर आणि बालरोगतज्ज्ञांकडून शिकलेलं आहे.

काशीला पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं जुनं घर आहे, बिंदुमाधवाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. मुलगी बाळंतपणाला तिथे आली. कोजागिरीनंतर दोनच दिवसांनी, तेहेतिसाव्या आठवड्यात, सिझर करावं लागलं. नातीचं वजन 1 किलो 640 ग्रॅम. तिला एनआयसीयूत ठेवलं आणि पाचव्या दिवशी मुलीला घरी पाठवलं. म्हणजे आई घाटावर आणि बाळ शहराच्या दुसऱ्या टोकाला.

इतक्या लहान बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ जमत नाही, तो साधारण चौतिसाव्या आठवड्यापासून जमू लागतो. तोवर नळीने दूध देतात. अशा बाळांची आतडी कच्ची असतात. त्यांना आतड्याचा एक गंभीर आजार होऊ शकतो आणि आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो. डॉक्टर म्हणाले, "या बाळासाठी हे दूध म्हणजे औषध समजा." मग ते काढणं आणि पोहोचवणं हे आमचं काम झालं.

दूध तयार कसं होतं

माझी नोकरी रसद पुरवण्यात गेली, म्हणून हे मला लवकर समजलं. छाती ही साठवणीची टाकी नव्हे. जितकं दूध बाहेर निघतं तितकं नवं तयार होतं. छाती भरलेली राहिली की शरीर समजतं, मागणी नाही, उत्पादन कमी करा. रिकामी झाली की वेग वाढतो. म्हणून "आत्ता नको, थोडं साठू दे, मग एकदम काढू" हा सल्ला उलटा पडतो. आमच्या घरी तो तीन वडीलधाऱ्यांनी दिला होता.

सुरुवातही लवकर हवी. बाळ अंगावर येऊ शकत नसेल तर जन्मानंतर पहिल्या काही तासांतच दूध काढायला लागावं. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, तोही थेंब थेंब. तो पंपाच्या नळ्यांना चिकटूनच संपतो. तेव्हा हात हेच उत्तम साधन. बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला अंगठा आणि बोटं ठेवायची, छातीकडे मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांजवळ आणून सोडायची. कातडीवर घासायचं नाही. निघालेले थेंब सिरिंजमध्ये किंवा चमच्यात घ्यायचे. दूध खऱ्या अर्थाने उतरतं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. सिझर झालं असेल, बाळ वेळेआधी आलं असेल किंवा आईला मधुमेह असेल तर आणखी उशीर होऊ शकतो. याचा अर्थ दूध नाही असा होत नाही.

पंप कोणता

इथे पहिली चूक माझी. औषधाच्या दुकानातून मी रबरी फुग्याचा पंप आणला, भोंग्यासारखा दिसतो तो. स्वस्त आणि सुटसुटीत. सिस्टरने तो पाहताच बाजूला ठेवला. त्या फुग्यात दूध शिरतं, आतून नीट धुता येत नाही आणि ओढ किती बसेल यावर ताबा राहत नाही. तो घेऊ नका.

हाताने दांडी दाबायचा पंप बरा. वीज लागत नाही, आवाज नाही. पण तो अधूनमधून वापरण्यासाठी, म्हणजे बाळ अंगावर पितंय आणि आईला काही तास बाहेर जायचंय अशा वेळी. दिवसातून आठ वेळा दांडी दाबून मनगट भरून येतं.

बाळ अजिबात अंगावर पीत नसेल तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी काढणारा विजेचा पंप हवा. वेळ निम्मा लागतो आणि छातीही नीट रिकामी होते. रुग्णालयात अनेक आयांसाठी असलेला मोठा पंप मिळाला तर सुरुवातीला तोच वापरावा. प्रत्येकीचे कप, नळ्या मात्र वेगळे. कपड्याच्या आत बसणारे नवे पंप नोकरदार आईला सोयीचे आहेत, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दूध बसवण्यासाठी फक्त त्यांच्यावर विसंबू नये.

घेताना तीन गोष्टी विचारा. पहिली, दूध मोटरकडे जाऊ नये म्हणून मध्ये पडदा आहे का? नसेल तर नळीत ओल धरते आणि बुरशी येते. असा पंप दुसऱ्या कुणाचा वापरलेला तर मुळीच घेऊ नये. दुसरी, बॅटरीवर चालतो का? आमच्या गल्लीत वीज गेली की हा प्रश्न पटायचा. तिसरी, कप आणि व्हॉल्व्ह सुटे मिळतात का? पंपाची ओढ कमी झाली तर बहुतेक वेळा मोटर बरी असते आणि छोटा रबरी व्हॉल्व्ह झिजलेला असतो.

कपाचं माप

आमची दुसरी चूक इथे झाली. पंपाबरोबर सहसा 24 मिलिमीटरचा कप येतो आणि तो सगळ्यांना बसतो असं आपण धरून चालतो. माझी मुलगी दात-ओठ खाऊन बसायची आणि दूध मात्र बाटलीचा तळ झाकेल इतकंच. "बाबा, मला दूधच नाही हो," असं म्हणून एका रात्री ती रडली. सिस्टरने पट्टीने माप घेतलं, मोठा कप मागवायला लावला आणि त्रास थांबला. बोंड नळीत मोकळं पुढेमागे सरकलं पाहिजे. कडांना घासत असेल तर कप लहान आहे. आजूबाजूची कातडी बरीच आत ओढली जात असेल तर तो मोठा आहे. ओढीचा आकडाही सोसेल तितकाच ठेवायचा. दुखलं की पान्हा अडतो आणि दूध कमी निघतं.

वेळापत्रक

चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, प्रत्येक वेळी पंधरा ते वीस मिनिटं. मधलं कुठलंही अंतर पाच तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि एक वेळ रात्री हवीच, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. आमची वेळ पहाटे तीनची. इथला कार्तिक कोजागिरीनंतरच सुरू होतो. मुलीचं आटोपेपर्यंत कार्तिकस्नानाला निघालेल्या बायकांची पावलं गल्लीत वाजू लागायची. आमच्या सौ. तिला गरम दूध द्यायच्या आणि मी भांडी धुवायचो.

पंपाला हाताची जोड द्या. आधी हलका मसाज, चालू असताना हलका दाब आणि शेवटी दोन मिनिटं हाताने. स्टॅनफर्डच्या डॉ. जेन मॉर्टन यांच्या गटाने 2009 साली वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या आयांमध्ये हे तपासलं होतं. हाताची जोड दिल्यावर दूध वाढतं असं त्यांना आढळलं. वाढ अडली तर दिवसातून एकदा तासभर असं करावं: वीस मिनिटं पंप, दहा विश्रांती, दहा पंप, दहा विश्रांती, दहा पंप.

पान्हा मनाशी बांधलेला असतो. बाळाचा फोटो, त्याचं दुपटं जवळ असलं तरी फरक पडतो. सगळ्यात मोठा फरक कांगारू पद्धतीने पडतो, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर घेणं. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी रुग्णालयातून परतल्यावर मुलीचं दूध आधीपेक्षा जास्त निघालं.

आता तिसरी चूक, सर्वांत मोठी. मी भिंतीवर फळा लावला आणि दर वेळी किती मिली निघालं ते लिहू लागलो, जसा स्टोअरचा साठा लिहावा. सातव्या दिवशी मुलीने फळा भिंतीकडे फिरवून ठेवला. म्हणाली, "बाबा, मी डेपो नाही." ती बरोबर होती. त्यानंतर फळ्यावर फक्त वेळ लिहायची असं ठरलं, कारण वेळ पाळणं आपल्या हातात असतं. एकूण दूध दिवसाअखेर ती स्वतःच वहीत लिहायची. दोन आठवड्यांपर्यंत दिवसाला 500 मिली किंवा जास्त व्हावं असं धरतात. बाळाला तेव्हा तेवढं लागत नाही, पण पुढची तयारी याच दिवसांत होते.

स्वच्छता आणि वाहतूक

हात धुवा. पंपाचे भाग सिंकमध्ये नको, वेगळ्या घमेल्यात साबणाने धुवा, दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा आणि पूर्ण सुकवा. निरोगी बाळासाठी ताजं दूध 25 अंशांपर्यंत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. एनआयसीयूचे नियम मात्र अधिक कडक असतात, तेच पाळा. बाटलीवर नाव, तारीख, वेळ. आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा घेऊन मी कालभैरवाच्या बाजूने मैदागिनपर्यंत पायी आणि पुढे ऑटोने जायचो, दिवसातून दोनदा. दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. बाटली कोमट पाण्यात धरा.

खाणंपिणं

हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी सगळं घरात होतं. बाळंतिणीने पोटभर खावं, तहान लागेल तसं पाणी प्यावं. पण छाती रिकामी केली नाही तर लाडवांनी दूध वाढत नाही. दूध वाढवायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. छातीत लाल, गरम, दुखरी गाठ आणि ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

इतकं करूनही काहींना दूध पुरत नाही. तो त्यांचा दोष नाही. त्यासाठी मातृदुग्धपेढ्या आहेत. आशियातली पहिली पेढी 1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आपल्या शहरात अशी पेढी आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

चौदाव्या दिवशी आमच्या वहीत 460 मिली होते, पाचशेला थोडे कमी. तरी नातीला पुरून उरलं. देवदिवाळीच्या दोन दिवस आधी ती 1 किलो 930 ग्रॅमची होऊन घरी आली. अंगावर पूर्ण प्यायला तिला आणखी दोन आठवडे लागले आणि तोवर पंप चालूच ठेवला. एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा.

घरातल्या पुरुषांना एकच सांगणं. दूध काढणं आईलाच करावं लागतं. भांडी धुणं, उकळणं, डबा पोहोचवणं आणि तिची झोप राखणं हे आपण करू शकतो. आकडे मात्र विचारू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.