दोन स्फोटांमधला उजेड

नवतारा म्हटले की स्फोट आठवतो. मला कुतूहल आहे ते दोन स्फोटांमधल्या शांत काळाचे. नवतारा ही खरे तर जोडी असते: एक श्वेत बटू आणि एक साधा तारा. बटू सोबत्याचा वायू ओढत राहतो. तो वायू सरळ कोसळत नाही. त्याची गरगरणारी तबकडी बनते, आतल्या बाजूला प्रचंड तापते आणि अतिनील किरणांत मंद तेवत राहते. तिच्यातूनच बटूच्या अंगावर पुढच्या स्फोटाची दारू साठत जाते.

हे किरण ओझोनचा थर अडवतो, त्यामुळे चिखलदऱ्याच्या काळोखात दुर्बीण नेऊनही उपयोग नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वर मात्र अतिनील दुर्बीण आहे. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची ‘आयुका’ आणि इतरांनी मिळून ती घडवली. तिची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात, म्हणून कुठल्याही संस्थेत नसलेला माझ्यासारखा माणूस अमरावतीत बसून ती चाळू शकतो. बंगळूरच्या संशोधकांनी तिच्याच निरीक्षणांतून देवयानी दीर्घिकेतल्या ४२ नवताऱ्यांची अतिनील प्रभा शोधली. त्यांतले ऐन स्फोटात सापडले ते चारच.

ही दुर्बीण प्रकाशकण एकेक करून मोजते. मी देवयानीतल्या एका जुन्या नवताऱ्याच्या जागी छोटे वर्तुळ आखले: ३१ कण. शेजारच्या रिकाम्या भागात तेवढ्याच वर्तुळात सरासरी ९. नऊमधला स्वाभाविक चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे तीनच्या आसपास. ३१ योगायोगाने येणे अवघड. त्या रात्री झोप लागली नाही आणि, कबूल करतो, दोन मित्रांना फोनही करून झाले.

ठिपका खरा होता. तो कुणाचा, हे मी विचारलेच नव्हते. दीड विकलांपेक्षा जवळचे तारे या दुर्बिणीला सहसा वेगळे दिसत नाहीत. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षे दूर, तेव्हा तिथे दीड विकला म्हणजे सुमारे १८ प्रकाशवर्षे. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, यावरून त्या घेरात किती तारे मावतील पाहा. त्यांत एखादा तरुण, तप्त, निळा तारा असला की पुरे.

तबकडीचा उजेड कमीजास्त होतो; तसा तारा बहुधा स्थिर असतो. म्हणून त्याच जागेचे दुसऱ्या वर्षीचे निरीक्षण काढले आणि निरीक्षणाचा वेळ सारखा धरून मोजले: २९. एवढा फरक मोजणीच्या चढउतारातच जातो. तबकडी नाही असे यावरून ठरत नाही, आहे असेही नाही. वहीत लिहिले: ‘उजेड आहे, मालक अनिश्चित. नवताऱ्याची प्रभा असलीच तर यापेक्षा जास्त नाही.’

मग दोन्ही मित्रांना पुन्हा फोन केले. तिसऱ्या निरीक्षणाची फाईल सध्या उतरवून घेतो आहे.