बसले, पण जमले नाही

कुकरची रिंग आणायची असली की आमच्या सौभाग्यवती जुनी रिंग पिशवीत टाकूनच निघतात. "नुसते लिटर सांगून भागत नाही, माप दाखवावं लागतं," हे त्यांचे ठरलेले वाक्य. इतकी वर्षे मी त्यावर हसत आलो. गेल्या महिन्यात मात्र ते हसू पार ओसरले.

त्याचे असे झाले. कन्या आर्किटेक्चरला आहे. घरातला 2016 सालचा संगणक तिच्या आराखड्यांपुढे धापा टाकू लागला. शिकवण्या करून साठवलेले साडेचार हजार रुपये तिने माझ्या हाती ठेवले. "बाबा, तुम्हीच बघा." मी इंटरनेटवर शोधून आठव्या पिढीचा एक वापरलेला 'आय-फाइव्ह' प्रोसेसर मागवला. आमच्या बोर्डाचे सॉकेट 1151चे, प्रोसेसरही 1151चा. आणखी काय बघायचे?

प्रोसेसर जागेवर अलगद बसला. पंखा फिरला. पडदा मात्र काळा तो काळाच!

विक्रेत्याला फोन लावला. "काका, माल चालू आहे, व्हिडिओ पाठवला होता ना? तुमचा बोर्ड कोणता, ते तुम्ही सांगितलंच नाही." त्याचे काही खोटे नव्हते. कन्या एका शब्दाने बोलली नाही. तेच जास्त लागले.

शेवटी भाच्याने उलगडा केला. इंटेलने 2017 मध्ये आठवी पिढी आणताना सॉकेटचा आकार तोच ठेवला, पण वीज पोचवणाऱ्या टोकांची मांडणी बदलली. सहाव्या-सातव्या पिढीला 100 किंवा 200 मालिकेचा चिपसेट लागतो, आठव्या-नवव्या पिढीला 300 मालिकेचा. आमचा बोर्ड 'एच-110'. रॅमचे तसे नसते. डेस्कटॉपच्या 'डीडीआर-3' पट्टीला 240 पिना, 'डीडीआर-4'ला 288, शिवाय खाचही वेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसतच नाही. माणूस फसतो तो बसणाऱ्या वस्तूने!

मग करावे काय? विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये बोर्डाचे नाव मिळते. ते घेऊन बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहावी. बायोसची कोणती आवृत्ती हवी, हेही तिथेच कळते. ग्राफिक्स कार्ड घ्यायचे तर पॉवर सप्लाय किती वॉटचा, त्याला जोडण्या कोणत्या आणि कार्ड डब्यात मावेल का, हे तपासावे. पैसे त्यानंतर.

यादी पाहून सहाव्या पिढीचा 'आय-फाइव्ह' घेतला, या खेपेस माझ्या खिशातून. कन्येचे काम मार्गी लागले. पहिला प्रोसेसर सातशे रुपये तोटा सोसून विकायला काढला. जाहिरातीची पहिलीच ओळ लिहिली : '300 मालिकेचाच बोर्ड हवा.' तरी एकाचा फोन आलाच, "माझ्याकडे चालेल ना?"

"आधी बोर्डाचं नाव सांगा," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "रिंग बरोबर न्यावी लागते, कळलं ना आता?"